परत घेतलेलं गाऱ्हाणं

माझ्या बसचा टॉप गिअर नवाकोरा होता. खोटं नाही सांगत. अंधेरीच्या एका औषध कंपनीत मी स्टाफची बस चालवायचो. सकाळी बोरिवलीपासून माणसं भरत यायचं, कंपनीच्या गेटात ओतायची, संध्याकाळी पुन्हा ज्याच्या-त्याच्या थांब्यावर सोडायची. रस्ता म्हणायला हायवे, पण पहिला, दुसरा, तिसरा, की आलाच पुढचा थांबा. टॉपमध्ये टाकायची वेळच यायची नाही. हेवी लायसन घेतलं तेव्हा मी काय काय स्वप्नं बघितली होती, आणि चालवत होतो काय, तर कांदिवली-मालाड-गोरेगाव.

नोकरी मात्र परमनंट. वर्षाला दोन युनिफॉर्म, बोनस, आजारपणाची रजा. दिंडोशीला आमच्या चाळीत मला लोक मान द्यायचे तो त्या नोकरीपायीच, नाहीतर माझ्या असल्या जिभेपायी मला दारात कोण उभं करणार? मला राग पटकन येतो. आताही येतो, तेव्हा तर विचारूच नका.

त्या रागानंच सगळं सुरू झालं. मालाडच्या थांब्यावर पॅकिंग खात्यातली एक बाई चढायची. तिची रोजची तऱ्हा ठरलेली. बस लागायची, सगळे चढायचे, आणि ही तिकडे कोपऱ्यावरून अर्धी वेणी हातात धरून पळत यायची. थांबून राहिलो तर पुढच्या सीटवर बसणारा टाइमकीपर ओरडणार. म्हणून मी एक युक्ती काढली होती. बस पहिल्या गिअरात टाकायची आणि नुसती रांगू द्यायची. थांबलोय असं कुणी म्हणू शकत नाही, आणि पळणारं माणूस दाराला पोचतं. दारातली माणसं हात देऊन तिला आत घ्यायची, वर "आज पण दूध उतू गेलं का गं?" म्हणून चिडवायची. ती हसत धापा टाकत बसायची. रोजचंच होतं हे.

एक दिवस टाइमकीपरनं चारचौघांत मला झापलं. "तुम्ही बस चालवता की पालखी?" माझं टाळकं सटकलं. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "या, चालवा तुम्ही." मग त्या बाईनंच मागून हात जोडले, "भाऊ, चला हो, माझ्यामुळे नको." चावी फिरवली, पण डोकं काही थंड होईना. त्याच रविवारी माझा आतेभाऊ घरी आला.

हा मुलुंडचा. चेकनाक्याजवळ राहायचा, स्वतःचा ट्रक होता. लग्नबिग्न केलं नव्हतं, रस्त्यावरच संसार. त्यानं नुकताच दुसरा ट्रक घेतला होता आणि त्याला भरवशाचा माणूस हवा होता. "तुझ्यासारखा ड्रायव्हर, आणि ते खटारं रांगवत बसलायस यार? इंदूर, दिल्ली, कलकत्ता! जरा देश बघ. नोकरी सोड, पार्टनर हो. आधी एक खेप माझ्याबरोबर ये, पण परत आल्यावर हो की नाही ते लगेच सांगायचं. मला ताटकळत ठेवायचं नाही."

मला वाटलं, बाबा विरोध करतील. जन्म गिरणीत गेलेला माणूस. पण संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नव्हती. मी म्हटलं, "बाबा, परमनंट नोकरी सोडायची म्हणजे..." तर ते फाडकन म्हणाले, "परमनंट? मगे माझी काय टेंपरवारी होती?" आणि पान लावायला लागले. झालं, घरातला थोरला माणूस माझ्या बाजूने.

राहिली बायको. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला वाटतंय ना? मग करा." आवाज सरळ, राग नाही, रुसवा नाही. मला त्या सरळपणाचंच भ्या वाटलं. "अगं, नको असेल तर नको म्हण." तेव्हा तिनं हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "माझे वडील बोटीवर जायचे. आईनं एकदा नको म्हटलं, एकदाच. ते राहिले. मग पुढं घरात काहीही बिनसलं की बोल आईला. तुझ्यामुळे राहिलो, तुझ्यामुळे अडकलो. मी नको म्हणणार नाही. पुढं ऐकून घ्यायची माझी तयारी नाही." आणि सूप उचलून पाखडायला लागली.

मी कंपनीत साठलेली रजा टाकली. राजीनामा परत आल्यावर द्यायचा असं ठरवलं.

निघायच्या सकाळी बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणातल्या माणसांचं हे असं असतं, काही नवं करायचं तर देवापुढं नारळ ठेवून थोरल्यानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकी सगळ्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा. फळीवरच्या देवापुढे आम्ही उभे राहिलो. शेजारची दोन घरंही आली, तीही आमच्याच तालुक्यातली. बाबांनी गिरणीत कमावलेला आवाज लावला. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय, देवाला काय, पलीकडच्या चाळीलाही ऐकू गेलं असेल.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो पोरगो नव्या धंद्याक हात घालता!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका रस्त्यार सांभाळ, गाडयेक बरकत दी!"

"व्हय म्हाराजा!"

"जुनी नोकरी सुटली तरी घर भरलेला ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!" माझी दोन्ही पोरं तर बेंबीच्या देठापासून ओरडत होती. पण माझ्या उजव्या हाताला बायको उभी होती आणि त्या बाजूनं काही आवाजच नव्हता. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठही मिटलेले. एकदाही हलले नाहीत. देवापुढं खोटं बोलायची नाही, म्हणून गप्प राहिली होती. नारळ फुटला, सगळ्यांच्या हातावर खोबरं आलं, आणि मी मुलुंडची बस पकडली.

रंगाच्या डब्यांचा माल होता, इंदूरला पोचवायचा. कसारा घाट आतेभावानं चढवला आणि इगतपुरीच्या पुढं स्टिअरिंग माझ्या हातात दिलं. काय सांगू! सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, समोर कुणी नाही. तिसऱ्यातून गाडी टॉपला टाकली तसा मी लहान पोरासारखा ओरडलो. आतेभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघ! बोललो होतो ना? झकास!" झकासच होतं. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी चालत्या गाडीतूनच राजीनामा फेकला असता.

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता होता. म्हणजे वेगळा होता, पण तोच. गाडी टॉपमध्ये, उन्हात चकाकणारं डांबर, आणि मैलोन्मैल काही करायला नाही. आतेभाऊ गाणी म्हणायचा, ढाब्यावर सगळ्यांना शिव्या घालत मिठ्या मारायचा, त्याचं ते घरच होतं. मी आपला प्रत्येक गावाच्या फाट्यावर उभी माणसं बघत होतो. एकही ओळखीचा चेहरा नाही. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. ट्रकवाल्याकडे कोण बघतो, नंबर बघतात. मला चक्क मालाडच्या थांब्याची आठवण आली. आज बदली ड्रायव्हर असणार, तो कशाला गाडी रांगवतोय? त्या बाईची वाट लागली असेल.

मालेगाव सोडल्यावर आतेभाऊ केबिनमधल्या सीटमागच्या फळीवर आडवा झाला. जरा वेळानं समोर, रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई जिवाच्या आकांतानं पळताना दिसली. पदर उडालेला, एक हात वर केलेला. पुढं काय झालं ते मला ठरवावंही लागलं नाही. पाय ब्रेकवर, हात गिअरवर, तिसरा, दुसरा, पहिला. भरलेला ट्रक डाव्या अंगाला घेऊन मी रांगवायला लागलो. मागं रंगाचे डबे धडाधड एकमेकांवर आदळले. पाठीमागचा ट्रक हॉर्नच्या बोंबा मारत इंचभरानं वाचला आणि शिव्या देत पुढं गेला. मी वाकून डावीकडचं दार उघडलं आणि म्हणालो, "या, या, चढा पटकन!"

बाईनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "अरे मेल्या, चढा काय? माझी म्हैस बुजवलीस ना!" तेव्हा मला दिसलं, तिच्या हातात काठी होती आणि पुढं शेतातून एक म्हैस शेपूट वर करून पळत होती.

आतेभाऊ दचकून उठला. "काय झालं? टायर गेला?" मी घडलं ते सांगितलं. आधी तो खाली उतरला, दोरखंड तपासले, ताडपत्री ओढून बघितली. वर आला तेव्हा त्याचं तोंड गंभीर होतं. "मागचा हुशार होता म्हणून. घाटात असं केलं असतंस तर दोघं संपलो असतो." मग मात्र त्याला जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो. हसता हसता मला जाणवलं की छातीवरचं काहीतरी उतरलंय. त्या क्षणी मी सुटलो, अगदी सुटलो. मला टॉप गिअर नको होता रे. मला थांबे हवे होते. दाराला लटकून हात देणारी माणसं, दूध उतू गेलं का म्हणून विचारणारी. हे मला आधी कळायला काय झालं होतं? पण नसतं कळलं, घरी बसून जन्मात नसतं कळलं.

परत मुलुंडला चेकनाक्यावर उतरलो तेव्हा मी त्याला सांगितलं, "नाही जमायचं मला." तो रागावेल अशी धास्ती होती. त्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "हात् तुझ्या! म्हशीनं माझा पार्टनर पळवला!" आणि चहा पाजून मला बसमध्ये बसवून दिलं.

घरी आलो. बायको दारात भांडी घासत होती. मी म्हटलं, "नाही जात मी. इथंच राहतो. आणि तुझ्यामुळे नाही हां, माझं मीच ठरवलंय. उद्या कुणाला बोल लावायचा झाला तर एका म्हशीला लावीन." म्हैस कुठली, काय कुठली, तिनं विचारलं नाही. राखेचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली आणि मग "चहा टाकते" म्हणून आत गेली.

बाबांनी कपाळाला हात लावला. मी राहिलो याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना भलतीच चिंता. "अरे, पण देवाक सांगलेला हा ना! ता गाऱ्हाणा तसाच ऱ्हवला तर तो तुका गाडयेर पाठयतलोच. परत घेवक व्हया." त्यांनी लगेच नारळ आणायला पिटाळलं. शेजारी पुन्हा गोळा झाले, पोरं पुढं येऊन उभी राहिली. बायको हात पुसत आली आणि माझ्या उजव्या हाताला उभी राहिली, त्याच जागी. बाबांनी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा! मागच्या खेपेक जा मागणा घातलेला, ता आज आमी परत घेतंव. ह्यो तुझो पोरगो आपल्या जुन्या नोकरेरच..."

"व्हय म्हाराजा!"

एकटीचाच आवाज. चाळभर घुमला. पोरं दचकून आईकडे बघायला लागली. तिचे डोळे मिटलेलेच होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

बाबा वळून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गो, माका पुरा तरी करूक दी!"