कुठलं डुक्कर?

देवाशी बोलताना मानांग पेता आवाज लहान करत नसे. देव लांब आहे असं तिला वाटत होतं म्हणून नव्हे. तरुणपणी धक्क्यावर मासळी विकून कमावलेला गळा होता तो. प्रार्थनेसाठी दुसरा कुठून आणणार? सकाळी ती अंगणात बसून 'हे प्रभू' म्हणाली की आंब्यावरचे पक्षी उडत आणि तिचा नवरा क्रिस्पुलो कूस बदलून म्हणे, "झालं, वर कळलं."

नाव पेर्पेतुआ, पण गिमारास बेटावरच्या त्या वाडीत मोठ्या बहिणीला मानांग म्हणतात, आणि पेता सगळ्यांचीच मोठी बहीण होती. पत्र्याच्या छपराचं एक लहानसं चर्च, त्यात बायकांची प्रार्थना तिच्याकडे. एवढ्यावर ती सुखी होती. पण पास्टर तेओदुलोंना सुख बघवेना.

"मानांग, सगळं जग आता फोनवर आलंय," पास्टर म्हणाले. "रोज सकाळी प्रार्थना करताच ना? तीच फोनसमोर करा. लाइव्ह."

"म्हणजे देवाकडे पाठ करून बसू?"

"देव सगळीकडे आहे, मानांग."

"मग फोन कशाला?"

पास्टरांनी फोन चालू करून दिला आणि ते घाईघाईने निघून गेले.

पेताने फोन कपड्यांच्या चिमट्याने दोरीवर लावला. पहिला आठवडाभर जगाला फक्त तिचं कपाळ आणि क्रिस्पुलोची वाळत घातलेली विजार दिसली. तरी आमेन आले. कतारहून आले, कॅनडाहून आले, कुठल्याशा जहाजावरून आले. पास्टर नाचायचेच बाकी होते.

पेताही आधी हरखली. मग हळूहळू तिला शंका येऊ लागली. तिने क्रिस्पुलोच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली: आमेन. बोलता बोलता भात लागला म्हणून ती "अगं बाई!" ओरडली: आमेन. एकदा तिला नुसती शिंक आली, तर त्याच्याखालीही आमेन, वर जोडलेले हात आणि लाल बदाम.

"तातय, यांना काही ऐकू जातंय का हो?" तिने नवऱ्याला विचारलं. पोरांच्या देखादेखी तीही त्याला बाबाच म्हणे, तातय.

"मी इतकी वर्षं घरात राहून ऐकत नाही," क्रिस्पुलो म्हणाला. "ते तर कॅनडात आहेत."

तिने पास्टरांनाही छेडलं. "यातला माणूस कुठला?"

"असं काय म्हणता, मानांग? हे आपलं ऑनलाइन कुटुंब आहे."

"कुटुंबात कुणी एवढं एकमताने बोलतं का?"

पास्टर पुन्हा घाईघाईने निघून गेले.

मग एक दिवस ती बोटीवरच्या लोकांसाठी प्रार्थना करत असताना मागे कुंपणाची काटकी मोडल्याचा आवाज झाला. पेताच्या पदरी दोन डुकरं होती, आणि त्या आवाजाचा अर्थ तिला पाठ होता. प्रार्थना तशीच टाकून ती उठली. "मेल्या! निर्लज्जा! ये बाहेर तिथून, नाहीतर रविवारी तुला आख्खं भाजते!" फोन दोरीवर लोंबकळत होता. जग ऐकत होतं. जगाने लिहिलं, "आमेन." कुणी लिहिलं, "आमेन मानांग, हे शब्द आज माझ्यासाठीच होते."

डुक्कर आत घालून ती घाम पुसत परतली आणि ती आमेनची माळ वाचता वाचता मध्येच थांबली. गुलाबाच्या फुलाचा फोटो. खाली नाव, रोझा. आणि लिहिलेलं:

"कुठलं डुक्कर? दलीला, की तो गल्याथ, ज्याला मागे खोकला झाला होता?"

पेताने चश्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. गल्याथच्या खोकल्यासाठी तिने खरंच एका सकाळी प्रार्थना केली होती. घरातल्या माणसांनाही ते आठवत नव्हतं.

"तातय!" ती ओरडली, आणि आंब्यावरचे पक्षी पुन्हा उडाले. "माणूस सापडलं!"

त्या दिवसापासून पेताचं आणि रोझाचं लिहिणं सुरू झालं. सकाळच्या प्रार्थनेनंतर पेता कॉफी घेऊन बसे आणि एका बोटाने लिही. रोझा फोटो पाठवत नसे. तिच्या फोनचा कॅमेरा म्हणे बिघडला होता.

"पुरुष असेल," क्रिस्पुलोने इशारा दिला. "हल्ली असंच करतात. आधी गोड बोलतात, मग काहीतरी मागतात."

"मागितलं की तिने."

"बघ! काय मागितलं?"

"भोपळ्यात नारळाचं दूध कधी घालायचं ते."

रोझाची मुलं परदेशात होती. 'एकटीसाठी एकच ताटली धुवायची म्हणजे हात उगाच ओले केल्यासारखं वाटतं,' असं तिने एकदा लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पेताने त्या ताटलीसाठी प्रार्थना केली. खाली आमेनचा पूर आला. पण रोझाने आमेन लिहिलं नाही. तिने लिहिलं, "आज दोन ताटल्या धुतल्या. एक उगाचच."

एवढी जवळीक झाल्यावर माणूस काय करतं? शेजाऱ्यांच्या तक्रारी सांगतं. पेतानेही सांगितल्या.

तिच्या कुंपणापलीकडे सोकोरो राहत होती. एके काळी दोघींचं मीठसुद्धा एका भांड्यात असे. मग पेताने जुनं चर्च सोडून हे पत्र्याचं धरलं, त्याच आठवड्यात तिचं डुक्कर सोकोरोच्या भोपळ्याच्या वेलात शिरलं, आणि सोकोरो कुंपणावरून म्हणाली, "देव बदलला तेव्हाच वाटलं, आता डुकरंही मोकाट सुटणार!" त्या दिवसापासून बोलणं बंद. नुसतं बोलणं नव्हे. वाडीत जेवायला बसलेल्या माणसाने कुंपणापलीकडे कुणी दिसलं की "या जेवायला" म्हणायचं, आणि समोरच्याने "पोट भरलंय" म्हणायचं, ही रीत. खरोखर जेवायला कुणी येत नाही. आलं तर यजमानाची पळापळ होईल. पण "या जेवायला" न म्हणणं म्हणजे युद्ध. पेता आणि सोकोरो समोरासमोर दिसत असून आपापला भात मुकाट्याने गिळत.

"तोंड भोपळ्याएवढं आणि मन भोपळ्याच्या बीएवढं," पेताने लिहिलं.

रोझाचं उत्तर यायला दोन दिवस लागले. "म्हणजे केवढा भोपळा?"

"ते जाऊ दे. मला काय काय बोलली ती!"

"रागात बोलली असेल. मागाहून जीभ चावली असेल."

"तुला काय माहीत?"

"अंदाज."

पुढच्या रविवारी चर्चचा वर्धापनदिन होता. पेताने रोझाला आमंत्रण धाडलं. पास्टरांनी तर उत्साहाच्या भरात फळ्यावर लिहूनही टाकलं: ऑनलाइन कुटुंबातली पहिली पाहुणी. ती येते की नाही यावर वाडीत पैजा लागल्या. पेताने नवी उशी शिवली.

रोझाने लिहिलं, "मला जमणार नाही."

"कॅनडात आहेस का?"

"त्याहून लांब. यायला फार अवघड आहे गं."

पेताने लिहिलं, "म्हणजे तूही नुसती आमेनच होतीस का?"

उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेताने प्रार्थना केली, पण हळू आवाजात. पक्षी उडाले नाहीत. "प्रभू," ती म्हणाली, "तू तरी आहेस ना तिकडे?" जगाने लिहिलं, आमेन, आमेन, आमेन. तिने फोन बंद करायला हात वर केला, तोच त्या माळेत गुलाब उगवला.

पेताने चश्मा सरसावून मोठ्याने वाचलं. "मानांग, धाव! गल्याथ माझ्या भोपळ्यात शिरलाय!"

ती थांबली. तिने पुन्हा वाचलं. "माझ्या?"

आणि मग कुंपणाच्या पलीकडून, एका श्वासाच्या अंतराने, तिचाच आवाज उलटून आला: "मानांग, धाव! गल्याथ माझ्या भोपळ्यात शिरलाय! ... माझ्या?"

क्रिस्पुलो हातातला कप तसाच धरून उभा राहिला. इतके महिने सकाळी ऐकू येणाऱ्या त्या पडसादाला तो देवदूत समजत होता.

पेता कुंपणाशी धावली. पलीकडे सोकोरो उभी होती. एका हातात बोलणारा फोन, दुसऱ्या हातात गल्याथचा कान, आणि तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या माणसाचा लाल रंग.

"केवढा भोपळा म्हणालीस?" सोकोरोने विचारलं.

"अगं, तू... तुला मी तुझ्याबद्दल..."

"सगळं वाचलंय. दोनदा."

"आणि कॅमेरा बिघडलाय म्हणे!"

"मग काय तोंड दाखवू? या तोंडाने काय काय बोलून ठेवलं होतं तुला!"

"पण तू माझी प्रार्थना ऐकतेस? तुमच्या फादरांना कळलं तर?"

"ऐकायला काय, आवाज फादरांच्या घरापर्यंत जातो तुझा! नुसते शब्द कळत नव्हते, म्हणून फोन लावला." सोकोरोने गल्याथचा कान सोडला. "आधी वाटलं, माझ्या भोपळ्याबद्दल देवाकडे काय चुगल्या करते ते ऐकावं. मग त्या डुकराला खोकला झाला, आणि मला रात्रभर काळजी लागून राहिली."

पेताला हसू फुटलं. आधी गालात, मग पोटात, मग तो धक्क्यावरचा गळा मोकळा सुटला आणि आंब्यावर होते नव्हते तेवढे पक्षी उडाले. सोकोरोने सुरुवातीला रागावायचा प्रयत्न केला, पण हसताना कुंपणाचा आधार घ्यावा लागला, आणि आधी गल्याथने मोडलेलं ते कुंपण तिच्या वजनाने उरलंसुरलंही आडवं झालं.

चुलीवरून भात उतरला होता. सुकी मासळी तळलेली होती. पेताने डोळे पुसले आणि सवयीने, इतक्या वर्षांपूर्वीच्या सवयीने, म्हणाली, "या जेवायला."

म्हणाली आणि "पोट भरलंय" ऐकायला थांबली. वाडीत यावर दुसरं उत्तरच नाही.

"आले," सोकोरो म्हणाली. "भोपळा घेऊन येते. नाहीतरी तुझ्या गल्याथने फोडलाच आहे. आणि नारळाचं दूध शेवटी घालायचं, हे आता माझ्यासमोर करून दाखव."

पेताची खरंच पळापळ झाली. ताटली कुठे, बाक कुठे, उशी कुठे! नवी उशी बाकावर टाकली, ती सोकोरोने उचलून पोटाशी धरली.

फोन अजून दोरीवर चालूच होता. क्रिस्पुलोने त्यात डोकावून चर्चची आयुष्यातली पहिली सेवा केली. "मंडळी," तो म्हणाला, "प्रार्थना संपली. रोझा आली आहे. भोपळा शिजतोय. या जेवायला."

कतारहून आमेन आलं. कॅनडाहून आमेन आलं, जोडलेले हात आले, बदाम आले. मग कुठल्याशा जहाजावरून, स्वयंपाकाची टोपी घातलेल्या एका माणसाच्या फोटोपुढे, एक ओळ आली.

"नानय!" क्रिस्पुलो ओरडला; तोही तिला पोरांसारखी आईच म्हणे. "इकडे ये, अजून एक माणूस सापडलं! विचारतोय, कुठला भोपळा?"