सलूनवाल्यांची अमेरिका

भोर स्टँडजवळचे आमचे सलूनवाले अमेरिकेतल्या परंपरावाद्यांची बाजू मांडू लागले, की भाटघरच्या धरणात लाटा उठतात. वस्तरा गालावर तसाच थांबतो.

"सरकारची वाट न बघता शेजाऱ्याला हात द्यायचा, ह्ये त्यांनीच तिथं टिकवलं. एकमेकांच्या शेतात राबायची आपली इर्जिक दुसरं काय असती?"

"आणि तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनला आडवं कोण आलं?" मी विचारतो.

परवा आभाळ भरून आलं आणि उत्रोलीत माझं भात कापायचं राहिलेलं. सलूनवाले दुकान बंद करून, अर्ध्या दाढीची गिऱ्हाइकं टेम्पोत घालून हजर. पहिला थेंब पडायच्या आत भात घरात.

"बोला गुरुजी, सरकार आलं व्हतं का?"

"न्हाई. पण तुमचा टेम्पो आला तो रस्ता सरकारचा."

शिवार हादरेल असं ते हसले. "ह्यो मुद्दा तुमचा. इळा घ्या, शेजारच्या मावशींचं भात ऱ्हायलंय. पुढचं तिथं भांडू."