कडेचा शिंगाडा

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. सात जणांच्या रग्बीची आशियाई स्पर्धा तोंडावर होती आणि कारध्याच्या पुलाजवळ बसून आम्ही तिघं मित्र दुपट्ट्यावर सात शिंगाडे मांडून भारताचा संघ ठरवत होतो. अगदी कडेला मी आमच्या भंडाऱ्याचा सगळ्यात वेगवान पोरगा ठेवला. एक मित्र म्हणाला, "हलका आहे तो, टॅकलमंधी उडून जाईन." मी म्हटलं, "हाती लागला तं उडन ना." भांडून खाली पाहतो तर कडेचा शिंगाडाच गायब. "काहून खाल्ला बे त्याले?" तिसरा चावत चावत म्हणाला, "कवाचा रिकामाच पडून होता." पुढं निवड समितीनं खरा संघ जाहीर केला, त्यातही तो पोरगा नव्हता. शिंगाडा खाणाऱ्या मित्राची निदान कॉलर तरी धरता आली होती.