हिवरखेडचे हवालदार

कादंबरीतल्या तपास अधिकाऱ्यांना नातेवाईक नसतात, म्हणून त्यांचं बरं चालतं. अकोल्याच्या दहशतवादविरोधी पथकातले हवालदार शेषराव मात्र हिवरखेडचे होते, आणि हिवरखेडचा माणूस म्हणजे अर्ध्या तेल्हारा तालुक्याचा सोयरा. आई लवकर गेली. थोरले भाऊ महादेवराव आणि वहिनी पार्वताबाई यांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं, शिकवलं, पोलिसात धाडलं. गड्याला एकच खोड होती. समोरच्यानं गाव सांगितलं की ‘कोणाचा?’ असं विचारल्याशिवाय जिवाला चैन पडत नसे. पथकातली त्यांची जोडीदार फौजदार मैथिली, अमरावतीच्या वकिलाची लेक, कपाळावर हात मारून घ्यायची. "शेषराव, हा प्रश्न एक दिवस आपल्याला गोत्यात आणणार."

आणलंच. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खाणीतून सुरुंगाचे डिटोनेटर चोरीला गेले होते. ते बॅगेत घालून ईशान नावाचा पोरगा अमरावतीहून अकोल्याच्या एसटीत बसला, आणि मागच्या बाकावर काका-पुतणी बनून हे दोघं. ईशानला धरणं म्हणजे हातचा मळ. पण अकोल्यात माल घेणारा कोण, ते कळायचं होतं. तो घेणारा निसटला तर आज ना उद्या भरबाजारात स्फोट ठरलेला.

बडनेरा सुटल्यावर शेजारच्या म्हातारीनं ईशानला गाव विचारलं. तो म्हणाला, "हिवरखेड."

"हिवरखेडचा? कोनाचा रे तू?" शेषरावांच्या तोंडून निघून गेलं. मैथिलीनं कोपर मारलं, पण बाण सुटला होता.

ईशान चपापला. मग पाठ केल्यासारखा म्हणाला, "महादेवरावांचा. श्याम."

 श्याम शेषरावांचा सख्खा पुतण्या, अकोल्यात कॉलेजला. त्याचं नाव सांगत, बहुधा त्याचंच आधारकार्ड खिशात घालून, हा भलताच पोरगा हिंडत होता. आणि हरवलेल्या कार्डावरून कोणी बापाचं नाव असं घोकत नाही; ते श्यामनंच पढवलेलं असणार.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली. ईशान खिडकीतून दिसत राहील अशा बेतानं शेषरावांनी मैथिलीला चहाच्या टपरीकडे नेलं.

"म्याडम, श्याम माहा पुतन्या हाये. जुन्या शहरात खोली करून रायते."

मैथिली म्हणाली, "नियमानं तुम्ही आता या तपासातून बाहेर."

"मी गायब झालो तं त्याले शंका येईन. अकोल्यापरेंत येतो." त्यांनी खिशातला मोबाइल काढून तिच्या हातावर ठेवला. "हा तुमच्यापाशी ठेवा. माहा माह्यावरच भरोसा नाई."

एक फोन केला असता तर श्याम पळाला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेषरावांना तो करावासा वाटत होता, अगदी मनापासून.

ईशान मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरला आणि श्यामच्याच खोलीपुढे थांबला. बोळातून आधीच पोचलेली मैथिली दाराच्या बाजूला भिंतीआड, शेषराव समोरच्या पानठेल्याआड. दार उघडून श्यामनं बॅग हातात घेतली. ईशानच्या खांद्यावरून त्याची नजर पानठेल्याकडे गेली, आणि वऱ्हाडातल्या पोराचं वळण म्हणजे काय, ते दिसलं. बॅग उंबऱ्यावर ठेवून तो धावत आला आणि पायावर वाकला.

"काका, तुमी?"

बॅग बेवारस राहिली. मैथिलीनं ती अलगद बाजूला सरकवली आणि ईशानची मानगूट धरली. शेषरावांनी पायाशी वाकलेल्या पुतण्याचे हात धरले ते सोडलेच नाहीत.

कचेरीत श्याम आधी म्हणाला, फक्त कार्ड दिलं होतं. मग म्हणाला, बॅगेत काय आहे ते माहीत होतं. मैथिली विचारत होती, शेषराव दाराबाहेर उभे होते. आता हिवरखेडला जाऊन बसायला त्यांना घर उरलं नव्हतं.

मोबाइल परत मिळाला तोच पार्वताबाईंचा फोन आला.

"भाऊजी, श्यामले पोलिसानं नेलं म्हन्ते. तुमी तं तिथंच असता. सोडवून आना न त्याले."

"वहिनी, मीच धरलं त्याले."

 वहिनींनी फोन ठेवला नाही.

"जेवला का तो?" पार्वताबाईंनी विचारलं.

"नाई," शेषराव म्हणाले.