आप्पांचं अर्धं डोकं

गल्लीत त्यांना दोनमिनिटे म्हणत. आडनावासारखं वाटतं, पण आडनाव नव्हे. त्यांच्या सलूनमध्ये कुणीही डोकावलं की कातरी न थांबवता ते म्हणत, "बसा, दोन मिनिटं." बसलेल्या माणसाचं मग अख्खं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचून व्हायचं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण रोज दिसणारी पाटी कोण वाचतं?

दोनमिनिटे केस कापत ते ठीकच कापत. लोक त्यांच्याकडे येत ते निर्णयासाठी. गिऱ्हाइकाने खुर्चीत बसून अडचण सांगायची, त्यांनी कातरी चालवत ऐकायची आणि शेवटी मानेवरचे केस झटकताना निकाल द्यायचा. "पित्ताशय काढून टाका. ठेवून काय करणार आहात?" "मुलाला चित्रकलाच शिकू द्या, गणितात तो तुमच्यावर गेलाय." "सासूबाईंशी बोला. फोनवर नको, समोर बसून, आणि त्यांचं जेवण झाल्यावर." कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने यांच्या सांगण्यावरून लग्न केलं होतं आणि तो अजून दर महिन्याला येत होता. म्हणजे तेही बरं चाललं असावं.

यातली गोम फक्त बायकोला माहीत होती. हातात कातरी नसली की दोनमिनिट्यांना काही म्हणजे काही ठरवता येत नसे. घरी चहा की कॉफी विचारलं तरी ते खिडकीबाहेर बघत बसत. "दुसऱ्याचं डोकं हातात असल्याशिवाय यांचं चालत नाही," असं ती म्हणे, आणि दोन्ही करून ठेवी.

तर हे दोनमिनिटे परदेशी निघाले होते. मुलगी तिकडे नोकरीला होती. तिची मुलगी, म्हणजे यांची नात, पाच वर्षांची झाली तरी आजोबांनी तिला फोनच्या काचेपलीकडेच पाहिली होती. बायको तिच्या जन्माच्या वेळी एकदा जाऊन आली होती आणि पुन्हा जायचं नाव काढत नव्हती. "पाहिलंय मी परदेश. तिथेही भांडी आपणच घासायची असतात."

नात तिकडे कुणालाही केसांना हात लावू देत नसे. एका कारागिराच्या अंगठ्याला ती चावली होती, दुसऱ्याने तिला लांबूनच ओळखून दार लावून घेतलं होतं. पण मुलगी रविवारी फोन करायची तेव्हा दोनमिनिटे फोन आरशाला टेकवून ठेवत आणि काम चालूच असे. खुर्चीतली माणसं जिवंत उठून जातात, हे नातीने बरेच रविवार नीट पाहिलं आणि जाहीर केलं की कापतील तर आजोबाच कापतील. तेव्हापासून केस वाढत होते. ते कपाळावरून डोळ्यांवर आले, डोळ्यांवरून नाकावर. ती आता दारांना धडकायची.

"आजोबा, तू कधी येणार? मला काहीच दिसत नाही."

"येतोय गं बाई, तिकीट काढलं."

तिकीट काढलं आणि गल्लीत हाहाकार झाला. महिनाभर सलून बंद! तेव्हा दोनमिनिट्यांनीच तोड काढली. त्यांनी सगळ्या गल्लीचे केस ॲडव्हान्समध्ये कापले. "एकदम बारीक मारतो. मी येईपर्यंत पुरेल." निवृत्त मास्तर आले, औषधवाला आला, बँकेतले दोघे आले, लग्न ठरलेला एक तरुणही आला आणि नंतर बरेच दिवस टोपी घालून हिंडला. शाळेत उवांची साथ आल्यावर वर्ग दिसतो तशी गल्ली दिसू लागली.

एकच डोकं उरलं. वडिलांचं.

आप्पा ऐंशीचे. सलून त्यांनीच काढलेलं. हात थरथरायला लागले तेव्हा कातरी मुलाच्या हातात दिली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या सलूनमध्ये जाऊन स्वतःचे केस कापून घेतले. तेव्हापासून दर महिन्याला ते मुलाच्या खिडकीसमोरून, मान ताठ ठेवून, समोरच्याकडे जात. कारण विचारलं की ते उजवा कान पुढे करत. मुलगा शिकाऊ असताना त्याने तिथे कातरी लावली होती. "बघा. खाच दिसते?" कुणालाही दिसत नसे. पण सगळे "अरे बापरे" म्हणत.

"आप्पा, तुमचेही बारीक करू?" दोनमिनिट्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

"माझा माणूस आहे समोर," आप्पा म्हणाले. "त्याला परदेशी जायची हौस नाही."

पण निघायच्या आठवड्यात त्यांना रस्ता ओलांडता आलाच नाही. अंगात कणकण, घसा धरलेला. बायकोने घरच्या घरी करायची तपासणी केली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"दोन आल्या," ती म्हणाली.

"पास की नापास?" आप्पांनी विचारलं.

त्यांना कोविड झाला होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, वय आहे, पण लक्षणं सौम्य आहेत, लसही घेतलेली आहे. वेगळ्या खोलीत ठेवा, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघत राहा. आप्पा मागच्या खोलीत गेले आणि दार लागलं. नवरा-बायकोची तपासणी केली, तिथे एकच रेघ आली. प्रवासाला कुणाची आडकाठी नव्हती. बॅग भरून पलंगाखाली होती. आणि दोनमिनिट्यांना कळेना, जावं की राहावं.

"जा की!" आप्पा दाराआडून ओरडले. "मी मरत नाही इतक्यात. मेलो तर फोन करीन."

"मी आहे ना त्यांना बघायला," बायको म्हणाली. "तुम्ही असून काय करणार? दाराबाहेर उभं राहून 'आप्पा, कसं वाटतंय' एवढंच ना? ते विमानतळावरूनही विचारता येतं."

"आणि तुला झाला तर?"

"मलाही विमानतळावरूनच विचारा."

मुलगी म्हणाली, "बाबा, तूच ठरव. मी काही बोलणार नाही." आणि ती खरंच काही बोलली नाही. मग पलीकडे कुठेतरी नात कशालातरी धडकल्याचा आवाज आला.

दोनमिनिटे घरातून दुकानात गेले. घर मागे, दुकान पुढे, मधे एक दार. शटर ओढलेलं होतं. समोरासमोरच्या दोन आरशांत ते उभे राहिले आणि दोन्हीकडे त्यांच्यासारखीच माणसं रांगेत उभी असलेली त्यांना दिसली, मागची मागची लहान होत गेलेली. त्यांच्यातल्या एकालाही काही ठरवता येत नव्हतं. त्यांनी कातरी उचलली, हवेत चालवली. कच् कच् कच्. डोक्यात काही हललं नाही. हवेचे केस कापून निर्णय होत नसतो.

आता खुर्चीत कुणीतरी हवं होतं. पण कोण? मास्क लावून ते रस्त्यावर आले आणि लांबूनच औषधवाल्याला हाक मारली.

"काय हो, थोडे वाढलेत का?"

औषधवाल्याने टोपी काढून दाखवली. ऊन थेट टाळूपर्यंत पोचलं. "तुम्हीच केलंत ना हे? मास्तरांकडेही जाऊ नका, ते अजून आरशाशी बोलत नाहीत. आणि गेला नाहीत अजून? आम्ही काय उगाच डोकी भादरून घेतली?"

ही आणखी एक पंचाईत. गेले नाहीत तर गल्लीला तोंड कसं दाखवायचं? गल्लीने त्यांच्यासाठी केस दिले होते.

दुपारी बायको गॅलरीत आली तर नवरा कुंडीसमोर बसलेला. मनी प्लँटची अर्धी वेल खाली पडलेली, उरलेल्या पानांच्या कडा एका रेषेत आलेल्या.

"अहो, त्या झाडाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"विचार करतोय."

"मग झालं का काही?"

"नाही. याला मान नाही."

निघायचा आदला दिवस उजाडला तरी हेच. आप्पांचा ताप उतरला होता, खोकला मात्र होता. दुपारी आतून पेला भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. आप्पांची ही घंटा.

"केस कानात शिरतायत," ते ओरडले. "समोरच्याला बोलाव."

दोनमिनिट्यांनी मुकाट्याने फोन लावला. समोरचा भला माणूस, पण म्हणाला, "आप्पा बरे होऊन येऊ देत, मी आहेच की. घरी माझी लहान मुलं आहेत हो." तेही खरंच होतं.

निरोप ऐकून आतून पेला पुन्हा एकदा भिंतीवर आपटला. मग आप्पा म्हणाले, "मग तूच ये."

दोनमिनिट्यांना वाटलं, पाणी हवं असेल.

"कातरी घेऊन ये, गाढवा. आणि कानाला जप."

त्यांनी मास्क लावला, हातमोजे घातले, खोलीची खिडकी सताड उघडली. आप्पा स्टुलावर बसले, गळ्याभोवती जुना टॉवेल, तोंडावर मास्क. वर्षानुवर्षं खिडकीतून पाठमोरं पाहिलेलं हे डोकं आता हाताशी होतं. ते वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. मागे, मानेच्या वर, एक भोवरा होता. असाच भोवरा आपल्याला आहे, हे दोनमिनिट्यांना दोन आरशांमुळे माहीत होतं. आप्पांनाही आहे, हे माहीत नव्हतं.

"बघत काय बसलास? निबंध लिहायचाय का माझ्यावर?"

त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. मास्कचं इलॅस्टिक नेमकं कानावर. आप्पांनी ते काढलं आणि मास्क हाताने तोंडावर दाबून धरला. कातरी चालू झाली.

"कंगवा आडवा धर."

"हो, आप्पा."

"समोरचा असं नाही करत."

"हो, आप्पा."

आणि चार दिवस बंद पडलेलं यंत्र सुरू व्हावं तसं दोनमिनिट्यांचं डोकं चालू लागलं. कच् कच्. ताप उतरलाय. ऑक्सिजन ठीक आहे. कच्. बायको खंबीर आहे, आपल्यापेक्षा दसपट. नात दारांना धडकतेय, एखाद्या दिवशी जिन्यावरून पडेल. कच् कच् कच्. गिऱ्हाईक असतं तर काय सांगितलं असतं? जा म्हणून सांगितलं असतं. उजवा कान खाचेसकट सुखरूप मोकळा झाला तेव्हा सगळं लख्ख ठरलेलं होतं. जायचं. त्यांनी सवयीने मानेवरचे केस झटकले आणि निकाल सांगायला तोंड उघडलं.

"पुरे," आप्पा म्हणाले आणि खोकले. "दमलो. उरलेलं उद्या."

"आप्पा, अर्धंच झालंय. दोन मिनिटं..."

"तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत. उद्या."

"उद्या सकाळी विमान आहे माझं."

"मग जा. मी कुठे अडवलंय? राहीन मी असा. कुणी विचारलं तर सांगेन, मुलगा परदेशी गेलाय."

ते उठले, पलंगावर कापलेली बाजू उशीत खुपसून आडवे झाले. वर राहिली ती डावी बाजू, पांढरी, अस्ताव्यस्त, मुलाकडे बघत असलेली.

दोनमिनिटे कातरी धरून उभे. आजवर त्यांच्या खुर्चीतून एकही माणूस अर्धवट उठला नव्हता. एकदा वीज गेली होती तर मेणबत्ती लावून पुरं केलं होतं, एकदा गिऱ्हाइकाच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या तरी त्याला मागची रेघ मारूनच सोडलं होतं. बारीक झालेल्या त्या मानेकडे बघताना त्यांच्या मनात आलं, हा माणूस उद्या नसला तर असा, अर्धा जाईल. लगेच त्यांना स्वतःच्या विचाराचाच राग आला. पण विचार आला तो आला.

त्यांनी बाहेर येऊन मुलीला फोन लावला.

"पुढच्या महिन्यात येतो गं. आप्पांचं काम अर्धवट राहिलंय."

मुलगी हसली. "आप्पांनी तुला हात लावू दिला? बाबा, मग राहाच तू." आणि मागे वळून, "अगं, तुझा हेअरबँड कुठाय?"

आप्पांचा खोकला मात्र त्यानंतर संध्याकाळपर्यंत ऐकू आला नाही. बायकोने सूप देताना हे नोंदवलं आणि बॅग पलंगाखालून काढून माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी आप्पांना डावी बाजू कापून घ्यायची नव्हती. अंगात त्राण नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मूड नव्हता. पट्टीवर एकच रेघ आली त्या सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि तशाच डोक्याने गल्लीत फेरी मारली. एका बाजूने नोकरीच्या मुलाखतीला निघालेले, दुसऱ्या बाजूने तिथून हाकललेले. समोरचा धावत बाहेर आला.

"अहो आप्पा, हे काय! या, बसा, जुळवून देतो."

"हात लावायचा नाही," आप्पा म्हणाले. "काम चालू आहे ते."

आणि ते रस्ता ओलांडून, इतक्या वर्षांनी, मुलाच्या खुर्चीत येऊन बसले.

डावी बाजू झाली. आप्पांनी आरशात पाहिलं. "आता उजवी जड वाटते." उजवी कमी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "डावी." मग मागचं. मग पुढचं. शटर उघडताना आप्पा दारात असत आणि दोनमिनिटे त्यांना म्हणत, "बसा, दोन मिनिटं," आणि आप्पा म्हणत, "बघू." असं करत करत एके दिवशी कापायला काही उरलंच नाही. सबंध गल्लीचं झालं होतं तसं ते डोकं झालं. भोवरा तेवढा राहिला.

आप्पांनी उजवा कान चाचपला. मग डावा. दोन्ही जागेवर होते.

"पुरेल महिनाभर," ते आरशातल्या मुलाला म्हणाले. "जा आता त्या पोरीकडे. तिच्या कानाला जप."

दोनमिनिट्यांनी टॉवेल झटकला आणि तिकिटाची तारीख बघायला फोन काढला. तेवढ्यात दाराबाहेर कुजबुज झाली. मास्तर उभे होते, त्यांच्यामागे औषधवाला, बँकेतले दोघे आणि टोपी काढलेला तो नवरदेव. सगळ्यांचे केस पुन्हा वाढलेले.

"पुन्हा चाललात म्हणे," मास्तर चष्मा काढून खुर्चीकडे सरकले. "मग आमचं काय?"

"रांगेत या," आप्पा खुर्चीतून न उठता म्हणाले. "माझी डावी बाजू जरा राहिलीय."