डबीतली थुंकी

दवाखान्यामागच्या भिंतीशी माझी सून सुमन उभी होती. तपासणीची प्लास्टिकची डबी तिनं पदराखाली झाकली होती, जणू चोरीचा माल. बरेच दिवस तिचा खोकला हटत नाही. आतल्या डॉक्टरीणबाई टीबीच्या जंतूंवरच संशोधन करतात. त्यांनी तिची पहिली डबी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ही नुसती थुंकी आहे गं. छातीतला बेडका हवा मला."

माझ्या बायकोनंही हेच केलं होतं. चार माणसांत खाकरायची लाज वाटली, म्हणून डबीत थुंकी दिली. रिपोर्ट चांगला आला. "बघा, उगाच भ्यायलात," म्हणून मलाच हसली. रोग कळला तेव्हा उशीर झाला होता. गेली.

बाई दिवसभर जंतू बघायच्या दुर्बिणीला डोळा लावून बसतात, पण काचेवर येईल तेवढंच त्यांना दिसणार. आमच्या बायका सगळं गिळतात, दुखणंही आणि बोलणंही. गिळलेलं कोण तपासणार?

"मामा, तुम्ही जरा लांब जा की," सुमन म्हणाली.

"जातो. पण सासूसारखं करू नकोस. गाव गोळा झालं तरी चालंल, छातीतनं खाकर."

कोपऱ्याआड जाऊन थांबलो. घरात कुणी खोकललं की अजून मला तो आवाज ऐकवत नाही. आज मात्र भिंतीला कान लावून सुनेच्या खोकल्याची वाट बघत राहिलो.