आधी पोरांची पंगत

उत्रोलीच्या चिमाजीच्या घरात जेवणाची ठरलेली रीत होती. दिवेलागणीला गडी शेतातून आले, हातपाय धुतले, की आधी चिमाजीचं ताट. त्याच्याबरोबर त्याचे दोघे लेक, थोरला रखमाजी आणि धाकटा हैबती. ते उठले की नातू. मग नाती. शेवटी बायका, आणि बायकांतही सगळ्यांत शेवटी चिमाजीची बायको बनाबाई. तिच्या वाट्याला कधी करपलेली भाकरी यायची, कधी कालवणाच्या मडक्यात पाणी फिरवून निघेल तेवढं.

चिमाजी काही दुष्ट माणूस नव्हता. त्याचं सरळ म्हणणं होतं, जो औत हाकतो त्याचं पोट आधी. गडी पडला तर घर पडलं. त्याच्या बापाच्या घरी असंच होतं आणि आजाच्याही.

सोजराबाई या घरची थोरली सून. तिचं माहेर मार्गासनीच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवर. तिकडे पोरांना तांबडं फुटताच शेळ्या घेऊन रानात जावं लागे. त्यामुळे चूल पेटली की पहिली भाकरी पोरांची. त्यात कुणाला मानअपमान वाटत नसे. पण नांदायला आल्यावर तिनं उत्रोलीची रीत मुकाट्यानं पाळली. सून म्हणून आली होती, सून म्हणून राहिली.

तिची थोरली लेक भिमा. भोरचं संस्थान जाऊन दोनतीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. भिमा सात वर्षांची असेल. दिवसा ती चांगली हुंदडायची, पण दिवस बुडाला की भिंत धरून चालायची. एकदा दाराच्या चौकटीवर आपटली. एकदा भरलेली कळशी उंबऱ्यात पालथी केली.

"पोरगी येंधळी हाय," चिमाजी म्हणाला.

सोजराबाईनं त्या संध्याकाळी लेकीला अंगणात उभं केलं आणि चार पावलांवर जाऊन हात वर केला.

"माझी बोटं किती?"

"आये, तू कुठं हायेस?" भिमानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी भोरचा बाजार होता. त्याचं निमित्त काढून तिनं लेकीला चालवत भोरला नेलं आणि दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी भिमाच्या पापण्या उचलून बघितल्या.

"रातांधळेपणा आहे. पोटात काही जात नाही हिच्या. औषध देतो, पण खरं औषध घरचंच. दूध, अंडं, हिरवा पाला. हयगय केलीत तर दिवसासुद्धा दिसायचं नाही."

परतीच्या वाटेवर सोजराबाई घरातल्या एकेका जिनसाचा हिशोब करत होती. डॉक्टरांनी न मिळणारी चीज सांगितली असती तर तिनं कपाळाला हात लावला असता. पण घरात गाय होती. तिचं दूध चिमाजीच्या भातावर जात होतं. कोंबड्या होत्या. अंडी पाहुण्यांसाठी आणि बाजारासाठी होती. परड्यात शेवग्याचं झाड होतं, बांधावर आपोआप उगवलेली भाजी होती. ती बायका खुडायच्या आणि गड्यांनी खाऊन उरली तर पोरी खायच्या. सगळं होतं. फक्त तिच्या लेकीपर्यंत पोचत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं लवकर चूल पेटवली. धाकटी जाऊ चंद्राबाई दळण उरकून आत आली, तर चुलीसमोर घरातली पाचही पोरं ओळीनं बसलेली. नातू-नाती एका पंगतीत. पुढ्यात नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर कारळ्याची चटणी. आणि भिमाच्या पुढ्यात गाईच्या दुधाची वाटी.

"अवो आक्का, मामंजी आत्ता येतील!" चंद्राबाई घाबरली.

"येऊ दे की. त्यांचंच घर हाय."

चिमाजी आला. हातपाय धुऊन आत वळला आणि दारातच थबकला.

"ह्ये काय?"

सोजराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सासऱ्यापुढं ती आजवर एवढं उघड बोलली नव्हती.

"पोरं जेवत्यात, मामंजी. त्यांचं झालं की तुमाला वाढते."

"म्या औत हाकून आलोय. आन् ह्यांनी काय हाकलं?"

"भिमाला दिसंना झालंय. डाक्टर म्हनले, दूध आन् पाला द्या. उरलं तर द्यायचं, असं न्हाई म्हनले ते."

"मग एकट्या तिला दे वाटीभर. सगळी पंगत कशापायी?"

"आज तिला दिसंना. उद्या दुसरं कोन पडंल, तवा त्याला देऊ व्हय? हितनं पुढं पोरं आधी."

चिमाजीनं रखमाजीकडे बघितलं. रखमाजीनं जमिनीकडे. म्हातारा पागोटं उचलून बाहेर पडला आणि थेट आपल्या चुलतभावाच्या घरी जाऊन जेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गावभर झालं, की सुनेनं सासऱ्याला उपाशी ठेवलं.

मग भावकी बसली, मारुतीच्या देवळापुढं. सोजराबाईला बोलावणं आलं. ती आली आणि खांबाच्या आडोशाला उभी राहिली. भावकीतला वडीलधारा सावळाराम समजुतीनं बोलला.

"पोरी, तुजं लेकरू आजारी, आमाला कळतंय. पर गड्याच्या आधी पोरांना वाढायचं, असं आपल्यात आजवर कुनी केलंय का?"

"न्हाई केलं. म्हनून तर म्या केलं."

"मामंजींच्या पाया पड आन् मोकळी हो."

"पाया रोज पडते, आजबी पडंन. पर पंगत न्हाई मोडायची."

"ह्यो हट्ट झाला!"

"तुमी गाय पिळता तवा आधी वासरू सोडता का न्हाई?" सोजराबाई खांबाआडून पुढं आली. "वासरानं तोंड लावल्याबिगर गाय पान्हा सोडत न्हाई. तिला कुनी भावकीत बलवत न्हाई. मीबी न्हाई सोडनार. काय करायचं ते करा."

मागून कुणीतरी हसलं. चिमाजीचे कान तांबडे झाले. तो उठून एवढंच म्हणाला, "तिची चूल येगळी."

गोठ्याच्या एका बाजूला वैरण ठेवायचा खण होता. तो सोजराबाईला मिळाला. तिनं वैरण बाहेर काढली, जमीन सारवली, तीन दगड मांडले. वाट्याला धान्य आलं ते चिमाजीनं निवडून दिलेलं. आंबेमोहोर थोरल्या घरात राहिला. तिला नाचणी, हुलगे आणि तांदळाच्या कण्या. एक कोंबडी आली, तीही लंगडी. दुधाचं मात्र तिनं स्वतःच सांगून टाकलं, "गाईची धार म्याच काढते. भिमाची वाटी काढून मग थोरल्या घरात पाठवीन." आणि ती तसंच करू लागली. गाय दुसऱ्या कुणाला धार देत नव्हती, त्यामुळे कुणाचं काही चाललं नाही.

रखमाजीची अवस्था वाईट झाली. बापाला सोडवेना, बायकोला टाकवेना. दिवसभर बापाबरोबर शेतात राबायचा, संध्याकाळी दोन्ही दारांच्या मध्ये घुटमळायचा. एके दिवशी तो गोठ्याच्या दारात आला. फडक्यात खाचरातले मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बांधून आणले होते.

"पोरांना कालवण कर," तो म्हणाला.

"आन् तुमाला?"

"पोरांचं झाल्यावर."

सोजराबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि पाट्यावर मुठे वाटायला घेतले. तो कोपऱ्यात बसून राहिला. पोरं रस्सा ओरपत होती, नांगीसाठी भांडत होती. रखमाजीला त्या आवाजात कधी डुलकी लागली ते कळलं नाही. पुढं तो रोज तिथंच जेवायला लागला.

हुलगे पोरांना आवडत नसत. घुगऱ्या पुढ्यात आल्या की तोंडं वाकडी व्हायची. सोजराबाईनं हुलगे भाजून जात्यावर दळले, पिठात लसूण, मिरची, मीठ घालून घट्ट मळलं आणि गोळा परातीत पोरांच्या पुढ्यात ठेवला.

"वळा शेंगोळे. ज्यानं वळलं त्यानं खायचं."

मग काय! कुणी साप केला, कुणी बांगडी, कुणी विंचू. उकळत्या फोडणीच्या पाण्यात सगळं सोडलं आणि पोरं चुलीभोवती उकिडवी बसून आपापला साप शोधायला लागली. त्या दिवसानंतर हुलग्याला कुणी नाक मुरडलं नाही. सकाळी नाचणीचं पीठ रातभर ताकात आंबवून केलेली आंबील. कण्यांच्या भातावर आमटी. आठवड्यातून एकदा नाचणी आणि गुळाचे लाडू, त्यात मूठभर कारळे. सगळं घरचं, रानातलं, बांधावरचं. कुणाकडे हात पसरायची वेळ आली नाही. कोंबडी लंगडत लंगडत अंडी घालत होती आणि ती अंडी बाजारात जात नव्हती.

चंद्राबाईची पोरं थोरल्या घरात भात खायची आणि नाक गोठ्याच्या दिशेला करून बसायची. एका संध्याकाळी ती पोरं थाळ्या घेऊन सोजराबाईच्या दारात उभी राहिली. सोजराबाईनं काही न विचारता वाढलं. चिमाजीला कळलं तेव्हा त्यानं घरात दम भरला, "तिकडं गेला त्याचं तंगडं मोडीन!"

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं पोरांना घरात कोंडायच्या ऐवजी परड्याचं दार उघडं ठेवलं. पोरांच्या मागोमाग ती स्वतः आली. पदराखाली सुपात हुलग्याचं पीठ होतं.

"फुकट न्हाई खायाची माझी पोरं," ती म्हणाली. "आन् म्या कुनाला भीत न्हाई," असं म्हणताना मात्र मागं वळून बघत होती.

काही महिन्यांनी, सुगी सरत आली तेव्हाची संध्याकाळ. भिमा अंगणातून धावत आत आली. "आये, कुंपनाजवळ मांजर हाय. तिच्या तोंडात उंदीर हाय!" सोजराबाईनं बाहेर बघितलं. चांगलंच अंधारलं होतं. तिला स्वतःला मांजर दिसायला वेळ लागला. तिनं लेकीला जवळ ओढलं, तिचे दोन्ही डोळे आपल्या गालाला लावले आणि लगेच दूर सारून म्हणाली, "चल, बस पंगतीला."

त्याच पंगतीच्या वेळी दारात बनाबाई उभी राहिली. चिमाजीची बायको कधी गोठ्याकडे फिरकली नव्हती. सगळ्यांना वाटलं, बोलावायला आली, नाहीतर भांडायला. ती हळूहळू आत आली आणि पोरांच्या ओळीत, भिमाच्या शेजारी, मांडी घालून बसली.

"आत्याबाई?" सोजराबाई गोंधळली.

"वाढ मला," म्हातारी म्हणाली. "ऊन ऊन वाढ. लगीन झाल्यापासनं ऊन भाकर खाल्ली न्हाई म्या."

सोजराबाईनं तव्यावरची फुगलेली भाकरी उचलून थेट तिच्या थाळीत टाकली. बोटं भाजली तिची, म्हातारीचीही भाजली. बनाबाई फुंकर घालून एकेक घास खात राहिली. जेवून उठताना ती म्हणाली, "आता जाते, त्यांना वाढते. त्यांनाबी भूक लागली आसंल."

आता थोरल्या घरात चिमाजी एकटा जेवायचा. बायको पुढ्यात वाढायची, पण ती आधीच जेवलेली असायची, आणि ते त्याला तिच्या तोंडावर दिसायचं. हैबतीही उशीर झाल्याचं निमित्त काढून गोठ्यात जायला लागला होता. शेवटी चिमाजीनं रखमाजीकरवी निरोप धाडला. चूल एक करू. पोरांना आधी वाढायचं असलं तर वाढा, पण देवाचा निवद म्हणून वाढा. देवाच्या नावावर पोरं जेवली, तर भावकीत मान राहील.

रखमाजीला हा तोडगा पसंत होता. "तेवढं म्हन की," तो बायकोला म्हणाला. "पोरांच्या पोटात जायाशी कारन."

"निवद मी दाखवीन, देवाला. पोरांना पोरं म्हनूनच वाढनार," सोजराबाई म्हणाली. "आज देवाचं नाव केलं, तर उद्या देवाला भूक न्हाई म्हनतील. सांगा मामंजींना. चूल एक करायची तर चारचौघांत, उघड."

निरोप गेला. उन्हाळा सरला तरी उत्तर आलं नाही. मग भातलावणीच्या ऐन धांदलीत, दोन चुली आणि एकाच घरच्या चार बायका-गड्यांची ओढाताण बघून, चिमाजी स्वतः गोठ्यात आला. त्यानं सोजराबाईची परात उचलली आणि चारचौघांच्या देखत थोरल्या घरात नेऊन ठेवली.

म्हाताऱ्यानं "चुकलो" असं कधी म्हटलं नाही. सोजराबाईनंही ते मागितलं नाही. तो संध्याकाळी शेतातून आला की आत यायचाच नाही. ओट्यावर बसायचा, चिलीम भरायचा. आत पोरांच्या पंगतीचा गलका चाललेला असायचा. थोड्या वेळानं तो मोठ्यानं विचारायचा, "झालं का गुरांचं वैरनपानी?"

गुरांना वैरण त्यानं स्वतःच घातलेली असायची.

"न्हाई आजून," आतून सोजराबाई तितक्याच मोठ्यानं सांगायची. "बसा वाईच."

आणि चिमाजी बसायचा.